जुनी शाळा-बस, फिरते घर आणि निवृत्तांचा प्रवास

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात डोंगरकडा येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या संमेलनात शिक्षण, विवाह आणि वसतिगृह या विषयांवर दरवर्षी बोलणे होते, आणि ते व्हावयासच हवे. आज कार्यकारी मंडळाने मजकडे जो विषय सोपविला आहे, तो ऐकून काहींच्या मुखावर स्मित उमटले असेल. विषय असा की, शाळेच्या मुलांची ने-आण करून जुनी झालेली बस विकत घ्यावी, तिच्यातील आसने काढून निजण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय करावी, आणि सेवानिवृत्तीनंतर पतिपत्नींनी त्या फिरत्या घरातून देश पाहावा. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर अशी घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. आपल्यातील काही निवृत्त बंधूंनी याविषयी गांभीर्याने विचारणाही केली आहे. निवृत्तीची रक्कम आयुष्यात एकदाच हाती येते. ती कोठे घालावी, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

माझे मत आरंभीच सांगून टाकतो. ही इच्छा चांगली आहे आणि ती पुरी करण्याचा हा मार्ग शक्य कोटीतला आहे. परंतु कागद, वजन आणि घरातील स्त्रीचे श्रम या तीन गोष्टींचा हिशेब करवत चालविण्यापूर्वी झाला पाहिजे. ज्याचा हा हिशेब जुळत नाही, त्याने खुशाल एस.टी.ने हिंडावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडण्याची रीत आपल्याला नवी नाही. विंचवाच्या बिऱ्हाडाची म्हण आपण उगीच वापरीत नाही. आपल्या वाडवडिलांच्या काळी यात्रेला बैलगाड्या निघत; गाडीत खाली कडबा, त्यावर वाकळ, बाजूला पीठमिठाचे गाठोडे आणि मागे टांगलेली घागर अशी व्यवस्था असे. आजही आषाढीच्या वारीत दिंडीबरोबर मालमोटार चालते. तीत राहुट्या, भांडी, शिधा आणि वारकऱ्यांच्या वळकट्या असतात. पाण्याचा टँकर मागून येतो. मुक्काम बदलतो, पण चूल रोज पेटते. मोटारीवरचे घर म्हणजे काय, हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याने वारीतील एक मुक्काम नीट पाहावा.

शिवाय आपला हा हिंगोली जिल्हा तर मोठ्या प्रवाशाचा जिल्हा आहे. नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. तेथून निघालेली ही विभूती पंढरपुरास रमली आणि उत्तरायुष्यात पंजाबातील घुमानपर्यंत पोचली. गुरु ग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत. त्याच घुमानला २०१५ च्या एप्रिलमध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. वय झाले म्हणून दूरदेशी जाऊ नये असे म्हणणाऱ्यांनी एवढे एक उदाहरण ध्यानी ठेवावे.

मराठवाड्यातील यंत्रवाहनाची गोष्टही फार जुनी नाही. निजामाच्या राज्यात १९३२ साली रेल्वेच्या रस्तावाहतूक खात्याने २७ गाड्यांनिशी बससेवा आरंभिली. तिकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एस.टी. धावली. त्या गाडीने खेड्यातील माणसाला तालुक्याचे दर्शन घडविले. आता तालुक्यापलीकडचे दर्शन स्वतःच्या वेळेने व स्वतःच्या विसाव्याने घ्यावे, असे वाटणे स्वाभाविक आहे.

जुन्या शाळा-बसचे घर करण्याची चाल मात्र मुख्यतः अमेरिकेची. तेथे १९३९ साली फ्रँक सायर या शिक्षणतज्ज्ञाने न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील शिक्षक महाविद्यालयात एक परिषद बोलाविली आणि शाळा-बस कशी असावी याचे नियम ठरविले. पिवळा रंग त्याच परिषदेत नक्की झाला, कारण पहाटेच्या अंधुक उजेडात त्यावरील काळी अक्षरे स्पष्ट दिसतात. पुढे १९६४ साली केन केसी हा कादंबरीकार आपल्या मित्रमंडळींसह १९३९ सालच्या अशाच एका जुन्या शाळा-बसमधून कॅलिफोर्नियाहून न्यूयॉर्कला गेला, आणि त्या प्रवासाचा मोठा बोलबाला झाला. आज तेथे कित्येक निवृत्त जोडपी अशा गाड्यांतून हिंडतात. त्या गाड्यांना तिकडे लाडाने 'स्कूली' म्हणतात.

आपल्याकडे जुन्या बसचा कायापालट झाल्याचे एक उत्तम उदाहरण पुण्याचे आहे. उल्का सादलकर आणि राजीव खेर यांनी महापालिकेच्या सहकार्याने २०१६ पासून मोडीत निघालेल्या बसगाड्यांची स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे केली. 'ती' या नावाने ती ओळखली जातात. बसचा सांगाडा किती उपयोगी पडू शकतो, हे त्यावरून सिद्ध होते. परंतु एक भेद विसरू नये. ती बस एका जागी उभी असते. आपली बस घाट चढणार आणि उतरणार आहे. उभ्या बसला छप्पर धड असले म्हणजे भागते. चालत्या बसला ब्रेक, चाके, सुकाणू आणि सांगाडा ही चारही धड लागतात.

आता खरेदीकडे वळू. शाळा-बस स्वस्त मिळते, याचे कारण तिचे उरलेले आयुष्य थोडे असते. तिची पाहणी करताना रंग पाहू नये, खाली वाकून पाहावे. चासीचे लोखंड गंजले आहे काय, तळपत्र्याला भोके आहेत काय, पावसाचे पाणी खिडकीच्या कडांतून झिरपते काय, हे प्रथम तपासावे. इंजिन दुरुस्त होते; गंजलेल्या सांगाड्यावर घातलेला पैसा मात्र मातीत जातो. आपल्या ओळखीचा नव्हे, तर विकणाऱ्याच्या ओळखीचा नसलेला मिस्त्री बरोबर न्यावा.

त्यानंतर कागद. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनमालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. म्हणजे बस विकत घेतली, गावातील सुतार बोलाविला आणि पलंग ठोकले, असे चालणार नाही. फिरत्या घरासाठी 'मोटर कॅरव्हॅन' असा निराळा वाहनप्रकार आहे आणि त्याच्या बांधणीचे एआयएस १२४ या नावाचे मानक आहे. म्हणून पहिली फेरी हिंगोलीच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात मारावी. अमुक वर्षाच्या अमुक बसचे रूपांतर मान्य होईल काय, कोणत्या मान्यताप्राप्त कारखान्यात ते करावे लागेल, तपासणी कोण करील, हे लेखी विचारावे आणि लेखी उत्तर हाती आल्यावरच विसार द्यावा. या नियमाला आडवाट शोधू नये. नोंदणीत नसलेला बदल केलेल्या गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि मग भरपाईचा बोजा घरादारावर पडतो.

वयाचाही कागद असतो. पंचावन्न वर्षांनंतर वाहन चालविण्याचा परवाना एका वेळी पाच वर्षांसाठीच मिळतो आणि वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते. भारासह एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेले वाहन हलक्या वाहनात मोडते; त्याहून जड बस चालविण्यास हलक्या वाहनाचा परवाना पुरत नाही. पंधरा वर्षांपुढील खाजगी वाहनाची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नूतन करावी लागते. हरिद्वारला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर २०१५ पासून निर्बंध आले आणि त्यांत पुढे वेळोवेळी फेरफार झाले. निघण्यापूर्वी तेव्हाचा नियम विचारून घ्यावा, नाहीतर वळसा घालून जावे.

आता वजनाचा हिशेब मांडू. चाळीस मुले, प्रत्येकी ३५ किलो धरली तर १,४०० किलो होतात. हे ओझे बसमध्ये सारखे विभागलेले असते. आपण आसने काढून जे घालू ते ओझे कदाचित याहून कमी भरेल, पण ते एका कुशीला पडण्याचा संभव असतो. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो. जाड प्लायवूडचा आठ फूट बाय चार फूट तक्ता ३५ किलोच्या आसपास भरतो; असे दहा तक्ते लागले की ३५० किलो झाले. त्यात विजेची घटमाला, गॅसची टाकी, कपाटे आणि भांडी. पाण्याची टाकी, ओटा आणि कपाट ही तिन्ही एकाच बाजूला आली, तर वळणावर गाडी त्या बाजूला झुकेल. म्हणून टाकी खाली आणि मध्यभागी असावी. जड वस्तू टपावर चढवू नये. काम झाल्यावर भरल्या टाकीनिशी गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि पुढच्या व मागच्या चाकांचे वजन निरनिराळे घ्यावे. ऊस आणि हळद तोलणाऱ्या आपल्या भागात वजनकाट्याची वाण नाही.

विजेचे गणित सातवीच्या मुलालाही येईल असे आहे. नऊ वॅटचे दोन दिवे पाच तास म्हणजे ९०; तीस वॅटचा पंखा आठ तास म्हणजे २४०; भ्रमणध्वनीसाठी २० धरा. एकूण ३५० वॅट-तास झाले. बारा व्होल्टच्या १५० अँपिअर-तासांच्या घटमालेत १,८०० वॅट-तास मावतात, पण शिशाची घटमाला निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, म्हणून हाती ९०० उरतात. म्हणजे ढगाळ हवेतही दोन दिवस निभतात. टपावर दोनशे वॅटचा सौरतक्ता असला तर आपल्या मराठवाड्याच्या उन्हात दिवसाची गरज भागून थोडे उरते. वातानुकूलन यंत्राचा मोह मात्र या विजेवर धरू नये. त्यापेक्षा टपाला पांढरा रंग द्यावा, पत्र्याच्या आतून ज्वालारोधक अस्तर लावावे, खिडक्यांना डासांची जाळी बसवावी, आणि प्रवास दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतच्या दिवसांत करावा. अस्तरासाठी थर्माकोल वापरण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये; ते चटकन पेट घेते.

आगीचा विचार सर्वांत आधी करावा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर वर न जाता तळाशी साचतो. म्हणून टाकीसाठी बाहेरच्या बाजूने उघडणारा स्वतंत्र कप्पा असावा आणि त्याच्या तळाला हवा जाण्यास छिद्रे असावीत. शाळा-बसच्या खिडक्यांना मुलांच्या रक्षणासाठी आडव्या सळ्या असतात. त्याच सळ्या आगीच्या वेळी निजलेल्या माणसाला कोंडून धरतात. संकटकाळी बाहेर पडण्याचे जे दार बसला असते, त्याच्यासमोर पलंग किंवा कपाट कदापि ठेवू नये. निजलेल्या जागेवरून अंधारात हात लांबविला असता दाराची कडी सापडली पाहिजे. ही परीक्षा घरातील सर्वांनी, गुडघे दुखणाऱ्यांनीसुद्धा, निघण्यापूर्वी देऊन पाहावी.

आता तिसऱ्या हिशेबाकडे येतो. माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि पुरुषांच्या बैठकीत तोच राहून जातो. निवृत्ती कोणाची झाली? शाळेतून किंवा कचेरीतून पुरुष निवृत्त झाला. घरातली स्त्री झाली काय? तिची चूल चाळीस वर्षांपूर्वी जशी पेटत होती तशीच आजही पेटते. आपण मोठ्या हौसेने फिरते घर बांधणार, त्यात ओटा करणार, आणि औंढ्याच्या नागनाथाचे दर्शन घेऊन आल्यावर तिनेच उकिडवे बसून भाकरी थापावयाच्या, तर तिने देश कोणता पाहिला? घरी निदान ओटा ऐसपैस होता आणि शेजारीण हाताशी होती.

यासाठी निघण्यापूर्वीच काही नियम करावेत. दिवसातून एकच वेळ गाडीत स्वयंपाक व्हावा. दुसरे जेवण खानावळीत, देवस्थानच्या प्रसादालयात किंवा नातलगांकडे. पिठले-भात, खिचडी आणि चहा हे तीन पदार्थ पुरुषांनी करावयास शिकावे. पाणी भरणे, भांडी घासणे आणि केर काढणे ही कामे आळीपाळीने असावीत. ओट्याची उंची सुताराने आपल्या मापाने ठरवू नये. जिला तेथे उभे राहावयाचे आहे तिला उभे करून माप घ्यावे. गाडीचा नकाशा कागदावर काढल्यानंतर अंगणात खडूने त्याच मापाची आकृती आखावी आणि दोघांनी तीत तासभर वावरून पाहावे. किती गोष्टी अडचणीच्या आहेत, ते तेथेच कळेल आणि खडू पुसण्यास पैसे पडत नाहीत.

शौचालयाची सोय गाडीत असावीच. पुरुष कोठेही वेळ निभावतात. स्त्रिया मात्र प्रवासात पाणी पिणेच कमी करतात आणि त्यातून दुखणी ओढवून घेतात. काढून नेता येईल अशा पेटीचे लहान शौचालय मिळते. ते रिकामे करण्याचे काम योग्य जागीच करावे, ओढ्यानाल्यात नव्हे. आणि हे काम पुरुषाने आपल्याकडे घ्यावे. गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावोगाव हेच शिकविले.

मुक्कामासाठीही धर्मशाळेच्या किंवा देवस्थानच्या आवाराचा आधार लागतोच, कारण तेथे पाणी, दिवा आणि सोबत असते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कारवाँ पर्यटनाचे धोरण जाहीर केले. अशा गाड्यांना उभे राहण्यासाठी सोयींनी युक्त जागा व्हाव्यात असा त्याचा एक हेतू आहे. अशा जागा सर्वत्र होईपर्यंत रात्रीचा मुक्काम दिवस मावळण्यापूर्वी ठरविलेला असावा. रस्त्याच्या कडेला, निर्जन ठिकाणी गाडी उभी करून निजू नये.

आणखी एक माणूस आपण हिशेबात धरीत नाही. तो म्हणजे चालक. साठी-पासष्टीतील गृहस्थाने दिवसच्या दिवस बस हाकणे शहाणपणाचे नाही. चालक ठेवला की दोघांचे घर तिघांचे होते. त्याला निजण्यास धड जागा, जेवण आणि विश्रांती मिळाली पाहिजे. पुढच्या बाजूस त्याच्यासाठी पलंग आणि मध्ये आडपडदा, ही योजना नकाशातच असावी. ज्याची झोप नीट झाली नाही, त्याच्या हाती आपण आपले प्राण देत असतो.

मग खर्चाचे काय? डिझेलचा हिशेब करू. गाडी लिटरला आठ किलोमीटर चालते आणि डिझेल नव्वद रुपये लिटर आहे असे धरले, तर हजार किलोमीटरला १२५ लिटर म्हणजे ११,२५० रुपये होतात. त्यावर चालकाचा पगार, विमा, कर, पथकर, चाके आणि दुरुस्ती. गाडी वर्षातील दोन महिने फिरणार आणि दहा महिने अंगणात उभी राहणार. उभ्या गाडीचाही खर्च चालूच असतो. उलट पक्षी, राज्यातील एस.टी.त २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढील नागरिकांना प्रवास विनामूल्य झाला, पासष्टीपासून पंचाहत्तरीपर्यंत अर्धे भाडे आहे, आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या स्त्रियांना निम्मी सवलत मिळाली. तेव्हा केवळ स्वस्त प्रवासासाठी बस घेण्याचा विचार असेल, तर तो आजच सोडावा. संथपणे हिंडता यावे, औषधे आणि अंथरूण आपल्या हाताशी असावे, जिना चढावा लागू नये, एखादे ठिकाण आवडले तर चार दिवस राहता यावे, यासाठीच या गाडीचा खटाटोप करावयाचा.

म्हणून माझी सूचना अशी आहे. कोणीही एकट्याने निवृत्तीची सारी रक्कम यात घालू नये. औषधपाण्याची, मुलीच्या माहेरपणाची आणि आपल्या माघारी पत्नीच्या निर्वाहाची तरतूद बाजूस काढून जे उरेल, त्याचाच विचार करावा. तीन-चार स्नेही कुटुंबांनी मिळून एक गाडी घ्यावी आणि महिने वाटून घ्यावेत. खर्चाची व दुरुस्तीची वही एक असावी. त्यात आपल्या ज्ञातीबाहेरचे स्नेही आले तर आनंदाने घ्यावे. पंढरीच्या वाटेवर कोणाची ज्ञात कोण विचारतो? गाडीचे कागद, विमा आणि भागीदारीचा लेख पत्नीच्याही हाती व समजुतीत असावा, म्हणजे उद्या पुरुष नसला तरी तिचा वाटा आणि तिचा प्रवास बुडणार नाही.

आणि बस विकत घेण्यापूर्वी नोंदणीकृत फिरते घर चार दिवसांसाठी भाड्याने मिळाले तर घेऊन पाहावे. स्वतःची गाडी झाली तरी पहिली फेरी लांबची करू नये. डोंगरकड्याहून निघावे, औंढा नागनाथाला एक मुक्काम, नर्सीला दुसरा, आणि घरी परत. या दोन रात्रींत टाकी गळते काय, दार अडकते काय, पाठ दुखते काय आणि परस्परांचा स्वभाव अरुंद जागेत टिकतो काय, हे सारे कळून येते. मग माहूर, पंढरपूर, वेरूळ; आणि प्रकृती व गाडी दोन्ही साथ देतील तर नामदेवांच्या वाटेने थेट घुमान.

बंधुभगिनींनो, आपल्या घरांतील पुष्कळ वडीलधाऱ्यांनी आयुष्यभर 'पुढे पाहू' म्हणून प्रवास लांबविला आणि पुढे गुडघ्यांनी नकार दिला. बसने जा, रेल्वेने जा किंवा फिरत्या घराने जा. पण पाय चालतात तोवर जा, आणि दोघेही जा. या विषयात कोणास रस असेल त्यांनी सभेनंतर थांबावे; वजनाचे आणि विजेचे हिशेब मी वहीत मांडून आणले आहेत, ते उतरवून घेता येतील.